डीएसएलआर, मिररलेस, ब्रिज की फोनच बरा? (झाडसुद्धा हललेलं येतंय!)

निळी शाई

नमस्कार मंडळी. कॅमेरा घ्यायचाय आणि डोकं पार भंजाळलंय. महिनाभर वाचतेय, जितकं वाचावं तितकं कळेनासं होतंय. म्हणून शेवटी धागा काढला.

आत्तापर्यंत सगळं फोनवर भागत होतं. तक्रार दोनच ठिकाणी आहे. खिडकीसमोर एक डबकंवजा तळं आहे, तिथल्या वाळक्या फांदीवर रोज सकाळी खंड्या येऊन बसतो. खिडकीपासून फांदी पंधरा मीटर असेल. फोनमध्ये तो निळा ठिपका येतो, आणि मोठा करून पाहिला की ओल्या कुंचल्याने फासल्यासारखा दिसतो. दुसरं म्हणजे लेकीचं नाटक. त्यात ती झाड झाली होती. झाड! पंचवीस मिनिटं एका जागी उभं राहायचं काम. तरी माझ्या एकूणएक फोटोंत झाड हललेलं आहे, आणि चेहरा चुना फासल्यासारखा पांढरा.

एक जण म्हणतो डीएसएलआर (आत आरसा असतो तो) घे, तोच खरा कॅमेरा. दुसरा म्हणतो आरशाचे कॅमेरे संपले, मिररलेस घे. तिसरा म्हणतो ब्रिज कॅमेऱ्यात (लेन्स कायमची बसवलेली असते त्यात) एवढा झूम मिळत असताना लेन्स बदलत बसायचं कशाला. नवरा म्हणतो फोनच नवा घे. कुणाचं ऐकू?

वजन फार नको, पाठ दुखते. खर्च मध्यम. जुना घ्यायलाही ना नाही.

खटका

ब्रिज घ्या आणि मोकळ्या व्हा. निकॉनचा पी१००० बघा, १२५ पट झूम, २४ ते ३००० मिमी. खंड्याच्या डोळ्यात तुमची खिडकी दिसेल.

काळी खोली

खटका, आणि अंधारात उभ्या झाडाचं काय? तिकडे ३००० मिमीने काय बघायचं, साल?

निळी शाई ताई, कॅमेऱ्याचं नाव काढण्याआधी एक काम करा. फोनमध्ये तो हललेला फोटो उघडा, खाली माहिती दिसते. शटर (किती वेळ उघडं होतं), आयएसओ (सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, किती ताणली) आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं) हे तीन आकडे इथे लिहा. डॉक्टर नाडी बघितल्याशिवाय औषध देत नाही.

निळी शाई

काळी खोली काका, सापडले. शटर १/१५, आयएसओ ८००, एफ/१.८. चांगले की वाईट?

काळी खोली

यातच सगळं आलं बघा.

१/१५ म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग शटर उघडं. एवढ्या वेळात लेकीने श्वास घेतला तरी मान हलते, आणि तुमचा हात हलतो तो वेगळाच. आता चेहरा पांढरा का? रंगमंचावर दिव्याचा झोत एकट्या चेहऱ्यावर, बाकी सगळा काळोख. फोन अख्ख्या चौकटीची सरासरी काढतो, त्याला वाटतं फार अंधार आहे, म्हणून तो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. काळोख करडा होतो आणि चेहरा जळतो. म्हणजे हललेला फोटो आणि पांढरा चेहरा हे एकाच आजाराचे दोन फोड आहेत.

पुढच्या वेळी फोनवरच चेहऱ्यावर बोट टेकवा. बाजूला छोटा सूर्य येतो, तो खाली ओढा. चेहरा दोन स्टॉप, म्हणजे चौपट, जास्त उजळ असेल असं धरलं, तर शटर १/१५ वरून आपोआप १/६० वर येईल. फुकटात चौपट वेग. झाडाला १/६० पुरे.

लेक उद्या वारा झाली तर मात्र १/२५० लागेल. त्यासाठी आयएसओ ८०० चा ३२०० करावा लागतो. तिथे फोनचा इवलासा सेन्सर धापा टाकायला लागतो आणि मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आरामात चालतो. कॅमेऱ्याची गरज सुरू होते ती इथून.

निळी शाई

अय्या! महिनाभर वाचलं त्यात हे कुणीच सांगितलं नाही. सगळे मेगापिक्सेलच मोजत होते.

गुणाकार

मेगापिक्सेल मोजायचेच असतील तर अख्ख्या फोटोचे मोजू नका, खंड्यावर किती पडतात ते मोजा. मला आकडेमोडीचा किडा आहे, चालवून घ्या.

खंड्या १७ सेंमी, अंतर १५ मीटर. सेन्सरवर त्याची प्रतिमा किती मोठी पडेल ते लेन्सच्या खऱ्या फोकल लेंग्थवर (लेन्स किती लांबचं ओढते तो मिमीतला आकडा) ठरतं.

फोनचा मुख्य कॅमेरा साधारण ७ मिमीचा धरला, तर खंड्या सेन्सरवर ०.०८ मिमी. दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) पिक्सेल धरला तर चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम ४० पिक्सेल. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला त्याची अख्खी चौकट १०० गुणिले १०० पिक्सेलची होती, आणि एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागायची. ताईंच्या फोनमधला खंड्या त्या चौकटीच्या निम्म्यातसुद्धा मावतो. मग फोन काय करतो, उरलेली पिसं अंदाजाने रंगवतो. कुंचला फासल्यासारखं दिसतं ते त्यामुळे.

२४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला ३०० मिमीची लेन्स लावली तर तोच खंड्या सुमारे ८७० पिक्सेल. एक इंची सेन्सरचा सोनीचा आरएक्स१० मार्क ४ घेतला (खरी फोकल लेंग्थ २२० मिमी, पण पिक्सेल बारीक) तर हजाराच्या थोडे वर. आणि पी१००० ची खरी फोकल लेंग्थ ५३९ मिमी (वरचे ३००० हे फुल फ्रेम, म्हणजे ३६ गुणिले २४ मिमी सेन्सरच्या हिशोबातले). त्यात खंड्या चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरेल, सुमारे साडेचार हजार पिक्सेल.

खटका

बघा! मी काय म्हणत होतो! गुणाकार सरांनीच सिद्ध केलं.

गुणाकार

थांबा हो, पुढचं वाचा. पूर्ण झूमवर त्या लेन्सचं अ‍ॅपर्चर एफ/८. एफ/८ ला प्रकाशाचा प्रत्येक बिंदू विवर्तनामुळे, म्हणजे लहान भोकातून जाताना, पसरून साधारण ११ मायक्रॉनची चकती होते. या सेन्सरचा पिक्सेल १.३४ मायक्रॉनचा. म्हणजे एक चकती आठ पिक्सेल रुंद. साडेचार हजार पिक्सेल आहेत खरे, पण त्यांतले बरेचसे शेजाऱ्याचीच बातमी पुन्हा सांगतात. तरीही फोनच्या ४० पिक्सेलांपुढे ते सोनंच, हे मात्र मान्य.

चंद्रासाठी किंवा स्वच्छ उन्हात स्थिर बसलेल्या पक्ष्यासाठी तो कॅमेरा मजा आणतो. ढगाळ सकाळी एफ/८ आणि एवढासा सेन्सर म्हटलं की चित्र भुसभुशीत होतं. आणि ऊन तापल्यावर दूरच्या वस्तूवर झूम मारला तर मधली गरम हवा लहरत असते. तिला कुठलीच लेन्स पुरी पडत नाही.

दुर्बीण

अवांतर: हा "एक इंची" सेन्सर पट्टीने मोजला तर १३.२ गुणिले ८.८ मिमी भरतो, कर्ण १६ मिमीच्या आत. एक इंच म्हणजे २५.४ मिमी. मग इंच गेला कुठे? जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेची नळी असायची, तिचा बाहेरचा व्यास एक इंच आणि चित्र उमटायचं आतल्या लहान भागात. नळ्या गेल्या, मोजमाप राहिलं. १/२.३ इंच वगैरे आकडे त्याच घराण्यातले. खरेदी करताना मिमीच बघावेत.

गुणाकार

दुर्बीण, बरं काढलंत. क्षेत्रफळ सांगून टाकतो. फुल फ्रेम ३६ गुणिले २४, म्हणजे ८६४ चौरस मिमी. एपीएस-सी सुमारे ३६६, मायक्रो फोर थर्ड्‌स २२५, एक इंची ११६, आणि १/२.३ इंची, जो बहुतेक लांब झूमच्या ब्रिजमध्ये असतो, तो २८. पागोळीखाली ठेवलेली भांडी समजा. पाऊस सगळ्यांवर सारखाच, घमेल्यात जास्त साठतो, वाटीत कमी.

सावकाश जा

पण भांडं मोठं तर झाकणही मोठं! हे कुणी सांगत नाही. सेन्सर वाढला की तेवढ्याच झूमची लेन्स वाढते. मी हौसेने फुल फ्रेम घेतला, वर पक्ष्यांची लेन्स घेतली. पहिला महिना रोज बाहेर काढला. आता कपाटात आहे आणि मी फोनवर फोटो काढतो. ताई, पाठ दुखते म्हणालात ते वाक्य पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

काळी खोली

+१. घरी राहिलेला कॅमेरा सगळ्यांत वाईट.

तरी माझं मत नोंदवतो. जुना डीएसएलआर आणि ५० मिमी एफ/१.८. आरशातून येणारा खरा प्रकाश डोळ्याला दिसतो, मधे पडदा नाही. बॅटरी संपता संपत नाही. निकॉन डी७५०० चा अधिकृत आकडा एका चार्जमध्ये ९५० फोटोंचा आहे, मिररलेसवाले ३००-४०० ला चार्जर शोधायला लागतात. आणि जुन्या लेन्सचा बाजार भरलेला आहे, कारण सगळे मिररलेसकडे पळतायत. त्यांचं पळणं आपल्या पथ्यावर.

अर्धा सेकंद

काका, आदर आहे, पण नव्या माणसाला हा सल्ला देऊ नका.

आरशातून दिसतं ते डोळ्याला दिसणारं दृश्य, फोटो नव्हे. फोटो पांढरा पडला हे काढल्यावर कळतं. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) चेहरा पांढरा होतोय हे आधीच दिसतं, चकती फिरवली की समोरच सुधारतो. ताईंचा आजार नेमका तोच आहे!

दुसरं म्हणजे फोकस. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा आणि चित्र घेणारा वेगळा. दोघांचं जमलं नाही की डोळ्यावर फोकस केला तरी कान धारदार येतो. मिररलेसमध्ये चित्र घेणारा सेन्सरच फोकस बघतो, तो प्रश्नच मिटला. हल्लीची मॉडेलं माणसाचा डोळा ओळखतात, बरीचशी पक्ष्याचाही. फांद्यांच्या जाळीत बसलेल्या खंड्याचा डोळा तुमच्या बोटाने सापडायच्या आत कॅमेरा शोधतो.

आणि भविष्याचं काय? सोनीने २०२१ मध्ये आपले आरशाचे कॅमेरे बंद केले. कॅनन आणि निकॉनचे शेवटचे नवे डीएसएलआर २०२० चे. पेंटॅक्स तेवढा आरशाला धरून बसलाय.

काळी खोली

अर्धा सेकंद, नवे निघत नाहीत म्हणून जुने फोटो काढायचे थांबत नाहीत. माझा बारा वर्षांचा आहे, त्याला कुणी ही बातमी सांगितलेली नाही.

पण व्ह्यूफाइंडरचा मुद्दा पटला. शिकणाऱ्याला तो फायदा मोठा. मागे घेतो म्हणणार नाही, थोडा सरकतो.

खटका

काका सरकले! इतिहासात नोंद करा.

कॉलेजकुमार

मी जरा वेगळंच विचारतो. आमच्या ग्रुपमध्ये सगळे वीस वर्षांपूर्वीचे खिशातले सीसीडी (जुन्या प्रकारच्या सेन्सरचे) कॅमेरे वापरतायत, फ्लॅश मारून. रंग भारी येतात. मलाही मामाचा सापडलाय, पण कार्ड टाकलं की "कार्ड एरर".

दुर्बीण

३२ जीबीचं टाकलं असणार. तो बहुधा एसडीएचसी (२ जीबीच्या वरची कार्डं) येण्याआधीचा आहे, ते २००६ मध्ये आलं. २ जीबी किंवा त्याहून लहान साधं एसडी कार्ड शोधा. मामाच्या त्याच खणात असेल.

कॉलेजकुमार

२५६ एमबीचं सापडलं!! चालतंय!! आत मामाचे फोटो आहेत, केसांसकट!

पाना-पिळा

कॅमेरे दुरुस्त करतो, त्यामुळे माझी नजर वेगळी. टेबलावर काय येतं ते सांगतो. कंपन्यांची नावं घेणार नाही, सगळ्यांचेच येतात.

ब्रिज आणि खिशातले: लेन्सचं नळकांडं पुढेमागे सरकतं. वाळूचा एक कण आत गेला की दातेरी चाक अडकतं. झूम पंपासारखा चालतो, धूळ आत ओढली जाते आणि सेन्सरवर बसते. लेन्स निघत नाही, त्यामुळे एका ठिपक्यासाठी अख्खा कॅमेरा उघडावा लागतो.

मिररलेस: लेन्स काढली की सेन्सर समोर उघडा. काही मॉडेलं बंद केल्यावर शटर मिटून घेतात, बाकीची नाहीत. लेन्स बदलताना बॉडीचं तोंड खाली धरा, एवढ्याने निम्मं काम होतं. आणि सेन्सरवर तोंडाने फुंकर मारू नका. थुंकीचे ठिपके पुसायला लोक माझ्याकडे येतात, लाजून कारण सांगत नाहीत, पण मला दिसतं.

डीएसएलआर: आरसा आणि शटर हे हलणारे भाग. पण ते मजबूत असतात. खरा शत्रू बुरशी, आणि ती कुठल्याही लेन्सला लागते. चामड्याच्या पिशवीत घालून बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सना सर्वांत आधी.

जुना घेताना लेन्सच्या एका बाजूने टॉर्च मारा, दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. धुळीचे चार कण असले तर सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्त असो, परत द्या. मग एफ/१६ करून, लेन्स मुद्दाम आउट ऑफ फोकस ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग काळे उमटतात. बॅटरी टेबलावर ठेवा, डुगडुगली तर फुगली आहे. शटर किती वेळा उडालं तो आकडा विचारा, पण तेवढ्यावर भुलू नका. कमी उडालेला म्हणजे कपाटात पडून राहिलेला, आणि कपाटात काय होतं ते वर लिहिलंच आहे.

निळी शाई

पाना-पिळा दादा, हे छापून ठेवतेय.

दरम्यान मैत्रिणीचा डीएसएलआर आणलाय आठवडाभरासाठी, ७०-३०० मिमी लेन्ससकट. आज खंड्याची वाट बघत बसले होते. पहिल्या दिवसाचा हिशोब: ३१२ फोटो, त्यातले बरे नऊ. पण त्या नऊतला एक! चोचीत मासोळी आडवी आणि तिच्या शेपटीला पाण्याचा थेंब लोंबतोय. इतकी वर्षं मी याला निळा म्हणत होते, पोट चक्क नारिंगी आहे हो.

बाकीचे ३०३ कुठे गेले म्हणाल, तर निम्म्यांत मागचं गवत सुरेख स्पष्ट आलंय. आणि मनगट! वीस मिनिटांत हात थरथरायला लागला.

गुणाकार

हात थरथरला तरी शटर १/५०० च्या पुढे ठेवा. जुना नियम असा की शटर फोकल लेंग्थच्या उलट हवं (३०० मिमीला १/३००), आणि एपीएस-सी असेल तर दीडपट धरा. ३०० मिमीला १/४५० झालं. स्टॅबिलायझेशन असेल तर हातासाठी कमी चालतं, पण ते तुमचा हात सावरतं. खंड्याची मान सावरत नाही.

निळी शाई

आज नाटकाच्या तालमीला तोच कॅमेरा नेला, ५० मिमी एफ/१.८ लावून. काकांनी सांगितलं तसं केलं, आयएसओ ३२००, शटर १/२५०, चेहऱ्यावरून मोजलं. चेहरा चेहऱ्यासारखा आला!! घामाने ओघळलेला हिरवा रंगसुद्धा दिसतो.

पण एक फजिती झाली. राजा मरतो तो प्रसंग, सगळे चिडीचूप, आणि माझा कॅमेरा खटाक. पुढची अख्खी रांग मागे वळली. मेलेल्या राजानेही एक डोळा उघडून बघितलं.

खटका

माझं नाव उगाच बदनाम होतंय.

अर्धा सेकंद

घ्या! मिररलेसला आरसाच नाही, निम्मा आवाज तिथेच गेला. इलेक्ट्रॉनिक शटर लावलं तर आवाज शून्य. राजा शांतपणे मरेल.

काळी खोली

आणि फोटोवर झेब्र्यासारखे पट्टे येतील. हेही सांगा की. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं, एलईडी दिवे त्या वेळात लुकलुकतात, मग एक पट्टा उजळ, एक काळा. हल्ली रंगमंचावर एलईडीच असतात.

अर्धा सेकंद

बरोबर आहे, राहिलं सांगायचं. ताई, नाटकात यांत्रिक शटरच ठेवा, आरशाची आदळआपट नसल्यामुळे ते तसंही हळू वाजतं. अगदी शांत प्रसंगापुरतं इलेक्ट्रॉनिक, आणि तेही तालमीत दोन-चार वेगांवर पट्टे येतात का बघून.

सावकाश जा

एक विचारू? तुम्ही खंड्या आणि नाटक म्हणताय, पण ही दोन टोकं आहेत. एकाला लांबी हवी, दुसऱ्याला उजेड. दोन्ही एका लेन्समध्ये हवं तर तिचं वजन उचलायला वेगळा माणूस लागतो. फोनची गॅलरी उघडा आणि मागच्या महिन्यात कशाकशाचे फोटो काढलेत ते खरंच मोजा. मी हे माझ्या खरेदीनंतर मोजलं. पक्षी: चार. नातीचे: पाचशे.

निळी शाई

मोजले. लाज वाटली. एकूण ६४०. कागदपत्रं, पाट्या आणि वहीची पानं सव्वाशे. पक्षी ३१, त्यातले २९ नंतर पुसलेले. नाटक आणि तालीम मिळून ९०. उरलेले जवळजवळ सगळे घरातले, आणि तेही संध्याकाळचे: लेक, आजी, मांजर, लेकीच्या अंगावर मांजर. त्यातले निम्मे हललेले, आणि आजवर मला ते हललेले आहेत हेच जाणवलं नव्हतं.

म्हणजे मला खंड्याचा कॅमेरा नकोच आहे की काय?

काळी खोली

तुम्हाला संध्याकाळच्या उजेडाचा कॅमेरा हवाय.

फक्त एक चूक करू नका. नुसती बॉडी आणि सोबत येणारी किट लेन्स घेऊन घरी गेलात तर चित्र फारसं बदलणार नाही. ती लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ किंवा ६.३ ची होते. एफ/१.८ च्या मानाने एफ/५.६ ला दहावा हिस्सा प्रकाश येतो. मोठा सेन्सर घेऊन जे कमावलं ते तिथेच घालवून बसाल. बॉडी एक पायरी खालची घ्या, जुनी घ्या, पण एफ/१.८ ची एक लेन्स घ्याच. एपीएस-सीवर घरातल्या घरात ३५ मिमी, नाटकाला ५०.

निळी शाई

आणि मैत्रीण म्हणतेय ती मिररलेसकडे वळणार आहे, तिची ७०-३०० मला देऊन टाकेल. ती मिररलेसला लागते का?

अर्धा सेकंद

कुठल्या कंपनीची आणि किती जुनी त्यावर आहे. मधे अ‍ॅडॉप्टर लागतो. डीएसएलआरमध्ये आरशाला जागा हवी म्हणून लेन्स सेन्सरपासून लांब बसते, कॅननच्या ईएफला ४४ मिमी, त्यांच्याच मिररलेस आरएफला २० मिमी. मधली २४ मिमीची पोकळी अ‍ॅडॉप्टर भरून काढतो. उलटं, म्हणजे मिररलेसची लेन्स डीएसएलआरला, जमत नाही. पोकळी भरता येते, आरसा कापता येत नाही.

कॅननच्या ईएफ लेन्स अशा छान चालतात. निकॉनच्या ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटर आहे त्या चालतात. जुन्या, बॉडीतल्या स्क्रूवर फिरणाऱ्या डी प्रकारच्या लेन्स एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो.

निळी शाई

लेन्स कॅनन ईएफ आहे. मग ठरलं. जुना पण बरा दिसणारा एपीएस-सी मिररलेस, कॅननचा आर१०. बॉडी बॅटरीसकट ४२९ ग्रॅम. मैत्रिणीचा ९०डी ७०१ आहे, मनगटाने केव्हाच निकाल दिला होता. सोबत ५० मिमी एफ/१.८. टॉर्च मारून बघितला, भिंतीचा फोटो काढला, बॅटरी डुगडुगली नाही. अ‍ॅडॉप्टर पुढच्या महिन्यात.

दुर्बीण

आणि खंड्या?

निळी शाई

खंड्यासाठी ८ बाय ४२ ची दुर्बीण घेतली. तुमचं नाव बघून सुचलं. सकाळी ती घेऊन खिडकीत बसते, ३१२ फोटो पुसायला लागत नाहीत. काल त्याने मासोळी फांदीवर तीनदा आपटून मग गिळली. कॅमेऱ्यातून बघत असते तर फोकसच शोधत राहिले असते.

दुर्बीण

शेवटी कुणीतरी!

निळी शाई

काल नाटकाचा मुख्य प्रयोग झाला. १/२५०, आयएसओ ३२००, यांत्रिक शटर, एकही पट्टा नाही, एकही मान वळली नाही. फोटो खाली जोडलाय.

काळी खोली

झक्कास. पानांच्या कडा बघा, कापलेला कागद दिसतोय. चेहऱ्यावर थोडा अजून अंधार चालला असता, पण ते माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं मत.

खटका

झाड अजिबात हललेलं नाही. पण शेजारचा ढग नाक का खुपसतोय पानांत?

निळी शाई

त्याला शिंक आवरत होती. पुढच्या फोटोत बघा, १/२५० सुद्धा कमी पडलं.